खोट्या चिमट्याचे दिवस

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला श्वास आवरता यावा लागतो. नाजूक काटा समोर असला, तर उच्छ्वासाच्या झुळुकीनेही पारडे हलते, आणि मग दोष धातूचा की फुंकरेचा हे सांगता येत नाही. अप्पांनी ही विद्या आपल्या वडिलांकडून घेतली होती आणि छत्तीस वर्षे निष्ठेने सांभाळली होती. त्यांच्या लहानशा दुकानात, वाऱ्यापासून दूर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या दगडी फळीवर मखमली अस्तराची एक पेटी असे. तिच्यातील प्रमाण वजनांना त्यांनी कधी उघडे बोट लावले नाही. हाताच्या घामालाही भार असतो, म्हणून ती मऊ कातड्याच्या तुकड्यात धरूनच उचलायची.

दुकानदार काटा न्यायला येत तेव्हा हसत म्हणत, "जरा आमच्या बाजूला झुकवून द्या की."

अप्पांचे उत्तर ठरलेले असे. "काट्याला सासर-माहेर नसतं."

हे नुसते बोलणे नव्हते. सख्ख्या मेव्हण्याच्या किराणा दुकानातला काटा खोटा निघाला, तेव्हा त्यावर मोहोर उमटवायचे अप्पांनी नाकारले होते, आणि त्यापायी दोन घरांतील जाणे-येणे चार वर्षे बंद पडले होते. अशा माणसाने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मापात खोट केली, आणि ती आपल्या एकुलत्या मुलीसाठी केली.

मुलगी विद्यापीठाच्या शरीरशास्त्र प्रयोगशाळेत संशोधन करीत असे. तिचा विषय समजायला कठीण नव्हता. मेंदूच्या बुंध्यापासून निघून कंठ, फुप्फुसे आणि हृदय यांना स्पर्श करीत उदरापर्यंत उतरणारा एक दीर्घ मज्जातंतू प्रत्येक देहात आहे. धावत्या हृदयाला विसावा देणे हे त्याचे एक मुख्य काम. इतका खोल वसणारा हा तंतू आपली एक बारीक शाखा मात्र त्वचेच्या अगदी जवळ पाठवतो, कानाच्या खळग्यात. तेथे लहानसा चिमटा लावून अर्धा तास सौम्य विद्युत्प्रवाह सोडला, तर सामान्य माणसाच्या शरीराची श्रम करण्याची शक्ती वाढते का, एवढाच तिचा प्रश्न होता. पदके जिंकणारे खेळाडू तिला नको होते. दिवसभर नोकरीधंदा करून, केवळ आवडीखातर पळणारी, पोहणारी, सायकल चालवणारी माणसे तिला हवी होती.

प्रत्येक माणसाची परीक्षा दोनदा व्हायची, आठ दिवसांच्या अंतराने. एका दिवशी चिमटा कानाच्या खळग्यात. दुसऱ्या दिवशी तोच चिमटा, तोच प्रवाह, पण खाली कानाच्या पाळीवर, जेथे तो मज्जातंतू पोहोचतच नाही. हा दुसरा दिवस केवळ तुलनेसाठी. दोन्हींकडे सारख्याच मुंग्या येत, म्हणून माणसाला कोणता दिवस खरा हे कळू नये अशी योजना होती. कानातल्या दोन जागा तपासायच्या आहेत, इतकेच त्याला सांगितले जाई. चिमटा लावण्याचे काम एक वयस्क परिचारिका पडद्याआड करी, कानांवरून रुंद पट्टी बांधी, आणि मगच माणूस मुलीसमोर येई. त्यामुळे मोजणारीलाही काही ठाऊक नसे. कोणाला कोणत्या दिवशी काय लावले, याच्या चिठ्ठ्या लिफाफ्यांत बंद राहत.

मग तो माणूस जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसे. दर मिनिटाला पायांवरचा भार एका टप्प्याने वाढे. पाय थांबले की परीक्षा संपली.

चोवीस माणसे हवी होती. सूचनाफलकावर कागद लावून सात महिन्यांत दहा मिळाली. मुलगी वाळत चालली. सकाळी केलेला चहा दुपारी तसाच टेबलावर निवलेला सापडे. शेवटी तिने वडिलांच्या सायकल मंडळाचा विचार केला. दर रविवारी पहाटे नदीकाठच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन येणारे ते मंडळ. त्यात एक शिंपी, एक निवृत्त मुख्याध्यापिका, औषधांचा एक दुकानदार आणि आणखी कोणी कोणी, सगळे मिळून चौदा जण होते. मुलीला सर्वांनी लहानपणापासून पाहिलेले. तिची पहिली सायकल शिंप्यानेच मागून धरली होती.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी भुवई उंचावली. "ओळखीची माणसं नकोत गं. माया असलेली माणसं मोजमापाला वाईट."

"बाई, ही खोटं बोलणारी माणसं नाहीत," मुलगी म्हणाली. "माझे वडील काटे दुरुस्त करतात."

प्राध्यापिकांनी सही केली. त्या सहीमागे विश्वास होता की थकवा होता, हे त्यांनाही पुढे सांगता आले नाही.

अप्पांच्या पहिल्या दिवशी परिचारिकेने चिमटा खळग्यात लावला. ते मनापासून पाय मारीत राहिले आणि चौदाव्या टप्प्याच्या शेवटी थांबले. त्यांच्या वयाला ते भूषणावह होते. आठ दिवसांनी चिमटा खाली आला. मुंग्या येत होत्या, अर्धा तास सरत होता, आणि अप्पांना घरी मुलीच्या टेबलावर असलेले एक चित्र आठवले. निवलेला चहा उचलायला गेले असताना ते त्यांच्या नजरेस पडले होते. कानाचे चित्र, खळगा तांबड्या शाईने रंगवलेला, पाळी नुसतीच रेघोट्यांची. त्यांनी ते मुद्दाम पाहिले नव्हते. परंतु एकदा पाहिलेले मन विसरत नाही. आजचा चिमटा खोटा, हे त्यांना कळून चुकले.

सायकलवर अकरावा टप्पा लागला. अंगात बळ पुष्कळ शिल्लक होते. काचेपलीकडे मुलगी आकडे टिपीत होती, आणि तिच्या गळ्याजवळचे हाड अप्पांना पूर्वी कधी इतके स्पष्ट दिसले नव्हते. त्यांनी पाय सैल सोडले. त्यांनी हात वर केला.

आपण काही वाईट करतो आहोत असे त्या क्षणी त्यांना वाटले नाही. आपल्या ताटातला घास लेकराकडे सरकवावा, तसे वाटले.

पुढल्या रविवारी नदीकाठच्या चहाच्या टपरीवर शिंप्याने विचारले, "काय काटेराव, कानात काय वाजलं?"

अप्पा हसले आणि बोलून गेले. "वर खळग्यात लावला तर खरा. खाली पाळीला लावला तर नुसता देखावा."

शिंप्याने कप खाली ठेवला. "अस्सं. म्हणजे खालचा चिमटा असला की आपल्याला दम लागायचा, आणि वरचा असला की वाघ व्हायचं."

"मी तसं काही म्हटलं नाही."

"तू कशाला म्हणशील? तू पडलास सत्यवचनी. आम्ही आहोत की. पोरीचं काम तडीस गेलं म्हणजे झालं."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडल्या. आता म्हातारपणी स्वतः करू म्हणता?"

"बाई, कॉपी स्वतःच्या मार्कांसाठी करतात. ही दुसऱ्याच्या मार्कांसाठी. याला परोपकार म्हणतात," शिंपी म्हणाला.

सगळे हसले. बाईही हसल्या. तेव्हा बोलायला हवे होते ते अप्पांनी. ते चमच्याने चहा ढवळीत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

दोन महिन्यांत चौदाही जणांच्या दोन्ही परीक्षा झाल्या. लिफाफे उघडले गेले, आणि त्या संध्याकाळी मुलगी घरी आली ती जिना धावत चढून. तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. त्यावर दोन रेषा होत्या. एक वर चढत गेलेली, दुसरी मध्येच थबकलेली.

"हे तुमच्या मंडळाचे आकडे, अप्पा. ही वरची रेषा खऱ्या चिमट्याची. बघा ना, केवढं अंतर. सूचनाफलकावरच्या दहांमध्ये एवढं नाही दिसत. पण सगळे मिळून धरले तर कोणी नाही म्हणू शकणार नाही."

आईने पळी हातात घेऊनच डोकावून पाहिले. "मला तर दोन गोगलगायी चालून गेल्यासारखं दिसतंय. पण तू हसतेयस ना, मग छानच असणार."

"आठ दिवसांनी विद्यापीठाच्या समितीपुढे मांडायचं. आमच्या प्राध्यापिका बाई म्हणाल्या, समितीने मान्य केलं की पुढचा अभ्यास रुग्णालयात. ज्यांचं हृदय अशक्त झालंय, दोन जिने चढवत नाहीत, अशा माणसांवर. त्यांना आधी चिमटा लावायचा आणि मग रोजच्यापेक्षा थोडे जास्त श्रम करू द्यायचे."

अप्पांनी कागद जवळ ओढला. छत्तीस वर्षांच्या सवयीने त्यांची दृष्टी एका गोष्टीवर गेली. खालच्या रेषेचे चौदा बिंदू जवळजवळ एकाच उंचीवर थांबले होते. शिंप्याचा, बाईंचा, त्यांचा स्वतःचा. निरोगी काटा असा वागत नाही. वेगवेगळी वजने ठेवूनही काटा एकाच जागी थांबू लागला, तर कोठेतरी काहीतरी अडकवलेले असते.

"छान आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

पुढचे दोन दिवस त्यांनी दुकान उघडले, पण काम झाले नाही. तिसऱ्या दिवशी एक भाजीवाली आपला काटा घेऊन आली आणि नेहमीची थट्टा तिने केली. "दादा, थोडा माझ्याकडे झुकू द्या. तेवढाच मिरचीचा खर्च निघेल."

अप्पांच्या ओठांवर उत्तर आले नाही. त्यांनी काटा तपासायला घेतला, दोनदा चुकले, आणि शेवटी म्हणाले, "उद्या न्या, बाई. आज हात स्थिर नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे. हात स्थिर नाही."

त्यांच्या डोळ्यांपुढे एक अनोळखी माणूस येत होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून उभा असलेला, कानात चिमटा घातलेला. आपली शक्ती वाढली आहे असे कोणीतरी त्याला कागद दाखवून सांगितले होते, आणि त्या विश्वासावर तो पुढचे पाऊल टाकणार होता.

दुपारी घरी येऊन त्यांनी पत्नीला सर्व सांगितले. संपल्यावर तिने पदराने हात पुसले.

"शिंपीभावजींनी सांगितलं तर? सुरुवात त्यांनीच केली ना."

"सुरुवात माझी. त्याने फक्त मोठ्याने म्हटलं."

"मग दुसऱ्याला पाठवू नका," ती म्हणाली. "ज्याच्या तोंडून खोटं गेलं, त्याच्याच तोंडून खरं गेलं पाहिजे. आणि आजच जा. उद्या म्हणालात, तर समितीनंतर म्हणाल."

"तिचं दोन वर्षांचं काम आहे गं."

"मला कळत नाही होय?" ती म्हणाली. "रोज रात्री तिच्यासाठी दरवाजा मीच उघडते."

प्रयोगशाळेत मुलगी एकटीच होती. खिडकीजवळच्या टेबलावर कागदांच्या चळती, मध्ये ती सायकल, भिंतीवर गोल घड्याळ. वडिलांना दारात पाहून ती दचकली.

"अप्पा? आईला बरं नाही का?"

"आई बरी आहे. मी चुकलोय, बाळ. बस, आणि पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. नाहीतर माझं धैर्य जाईल."

त्यांनी सांगितले. चित्र, अकरावा टप्पा, टपरी, साखर, सर्व. काही लपवले नाही, काही सजवलेही नाही. मग मुलीने पहिला प्रश्न विचारला, आणि तो संशोधकाचा होता.

"कोण कोण?"

"चौदाही."

"किती टप्पे धरून ठेवलेत?"

"मी तीन तरी. जास्त असतील. त्या दिवशी शेवटपर्यंत गेलोच नाही, तर किती उरले ते कसं सांगू?"

ती उठली. कपाटातून एक जाड बाड काढले. यंत्राने आपण होऊन टिपलेले हृदयाचे ठोके त्यात होते. तिने अप्पांचा कागद शोधला. थांबतानाचा आकडा एकशे एकेचाळीस. चिमटा वर होता त्या दिवशीचा, एकशे सहासष्ट. शिंप्याचा एकशे अडतीस आणि एकशे एकसष्ट. बाईंचा, औषधवाल्याचा, पुढचा, त्याच्या पुढचा. पायांनी जे लपवले होते, ते हृदयाने जसेच्या तसे लिहून ठेवले होते. चौदा हृदयांपैकी एकालाही शिकवून ठेवता आले नव्हते.

"हे मी पाहिलं होतं," मुलगी हळूच म्हणाली. "परवा. मला वाटलं, छंदासाठी सायकल चालवणारी माणसं लवकर थांबतात, तसं असेल. त्याचं स्पष्टीकरणही लिहून टाकलं मी. दीड पान. छान जमलं होतं." तिने बाड मिटले. "मला ते हवं होतं म्हणून मी पाहिलं नाही."

"तो दोष माझा आहे."

"तो माझा आहे, अप्पा. तुमचा वेगळा आहे." ती त्यांच्याकडे वळली, आणि आता तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला वाटलं मी हरेन?"

"मला वाटलं, तू थकलीस."

"थकले होते. दमलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही काटा झुकवून देता का?"

अप्पांनी मिटलेल्या बाडाकडे पाहिले.

"त्या चिमट्यातून काहीच निघालं नसतं, तरी ते माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं. मी दोन वर्षं उत्तर मागत होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खाऊ दिलात."

तिने तोंड धुतले आणि प्राध्यापिकांकडे गेली. अप्पा बाहेर बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या. प्राध्यापिका अप्पांसमोर उभ्या राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि ते अधिक कठीण होते.

"तुम्ही आलात हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "चौदा जण वगळले तर दहाच उरतात. दहांवरून काही म्हणता येत नाही. समितीला हे सगळं सांगावं लागेल. पुढच्या वर्षाचं अनुदान बहुधा जाईल. आणि ओळखीची माणसं घ्यायला सही मी केली होती, तेही मीच सांगेन."

"मी लिहून देतो. आम्ही सगळे लिहून देतो."

"ते द्याच. पण कबुली पुरेशी नाही. तुम्ही मायेपोटी खोटं केलंत, तसं मायेपोटी खोटं कबूलही करू शकता. नक्की काय झालं ते मोजून दाखवायला हवं. चौदाही जण पुन्हा बसा. चिमटा खाली, प्रवाह तोच. या वेळी शेवटपर्यंत."

अप्पांना अर्थ कळायला एक क्षण लागला. वरच्या चिमट्याचे त्यांचे टप्पे चौदा होते. खालच्या, खोट्या चिमट्यानेही ते तेथवर पोहोचले, तर मुलीने टेबलावर पसरून दाखवलेले ते मोठे अंतर जागच्या जागी पुसले जाणार होते. मुलीच्या कामावरचा शेवटचा घाव त्यांनी आपल्या पायांनी घालायचा होता.

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक शिंप्याच्या दुकानात झाली. कपड्यांच्या गठ्ठ्यांवर, स्टुलांवर, शिवणयंत्राच्या कडेला माणसे बसली. अप्पांनी सांगितले तेव्हा कोणी मान वर केली नाही. शिंप्याने खडूचा तुकडा बोटांत फिरवीत विचारले, "पोरगी काय म्हणाली? आम्हाला शिव्या दिल्या का?"

"नाही."

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी आपले निवेदन सर्वांच्या आधी लिहिले, सुंदर वळणदार अक्षरात, आणि खाली सही करण्यापूर्वी एक वाक्य वाढवले. हे चुकीचे आहे हे मला त्याच वेळी ठाऊक होते.

दोन दिवसांनी, सकाळी आठला, चौदाही जण प्रयोगशाळेबाहेरच्या लांब बाकावर ओळीने बसले होते. रविवारची बडबड नव्हती. औषधवाल्याने एकदा घसा साफ केला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. काचेच्या दारातून आतली सायकल दिसत होती.

मुलगी बाहेर आली. तिने सर्वांना सारख्याच आवाजात सूचना दिल्या, कोणाला काका म्हटले नाही की बाई म्हटले नाही, जणू सूचनाफलकावरचा कागद वाचून आलेली अनोळखी माणसे होती. मग म्हणाली, "पहिले अप्पा."

"मीच का?" असे अप्पांनी विचारले नाही. बाकीचे तेरा त्यांच्याकडे पाहून चालणार होते. मागच्या वेळीही तसेच झाले होते.

परिचारिकेने पाळीला चिमटा लावला. अर्धा तास मुंग्या आल्या. मग ते सायकलवर बसले. श्वास मोजणारा मुखवटा चढला, छातीवर ठोके टिपणारी पट्टी आली, चाक फिरू लागले.

पहिले सहा टप्पे म्हणजे फेरफटका. आठव्याला कपाळावर घाम आला. अकराव्याला त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मागे येथेच त्यांनी हात वर केला होता, आणि आता त्यांना कळले की तेव्हा त्यांच्यापाशी किती उरले होते. पुष्कळ उरले होते. ते जाणवून त्यांना लाज वाटली, आणि लाजेनेच पाय आणखी वेगाने फिरले.

बाराव्या टप्प्याला मुलगी त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. तिच्या हातात तक्ता होता.

तेराव्याला मांड्यांत आग पसरली. श्वास मुखवट्यात वाजू लागला. येथे थांबलो तर? मनात कोठेतरी एक क्षीण आवाज म्हणाला. एक टप्पा कमी पडला तर तिचे थोडेसे तरी उरेल. तेवढी झुकती बाजू कोणाच्या लक्षात येणार आहे? अप्पांनी यंत्राच्या पडद्यावर धडधडणारा आपल्या ठोक्यांचा आकडा पाहिला. एकशे अठ्ठावन्न. तेथे लक्षात येणार होते, आणि तेथे आले नसते तरी आता ते चालणार नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि पाय रेटले.

"चौदा," मुलगी म्हणाली.

हा त्यांचा खऱ्या चिमट्याचा टप्पा. जेथवर ते तिच्या सिद्धान्ताच्या बळावर पोहोचले होते, असे तिने मोठ्या आनंदाने सांगितले होते. आता त्याच जागी ते पाळीवर लावलेल्या खोट्या चिमट्याने पोहोचले होते. मिनिट सरत होते. त्यांनी मुलीकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती तक्त्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्यांना थांबावेसे वाटले. पायांमुळे नव्हे.

"आणखी, अप्पा," मुलगी म्हणाली.

तिच्या आवाजात आर्जव नव्हते, राग नव्हता. लहानपणी ती त्यांच्या दुकानात येई आणि पारड्यात वजने ठेवताना नेमक्या अशाच स्वरात मोजत असे.

त्यांनी पाय मारले. काचेबाहेर शिंपी उठून उभा राहिला होता, बाईही उभ्या राहिल्या होत्या. पंधरावा टप्पा लागला तेव्हा अप्पांना खोली दिसेनाशी झाली. फक्त तिचा आवाज ऐकू येत होता, आणखी, आणखी, आणि ते तिच्या प्रत्येक शब्दाला एक एक पाऊल देत गेले. त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर तिची दोन वर्षे थोडी थोडी मागे पडत होती, आणि ती स्वतःच त्यांना ते पाऊल टाकायला सांगत होती. अखेर पाय आपोआप थांबले. त्यांनी थांबवले नाहीत. चाक दोनदा रिकामे फिरले आणि स्थिर झाले.

मुलीने मुखवटा काढला. दंडाला धरून त्यांना खाली उतरवले. त्यांच्या पाठीवर तिचा हात बराच वेळ होता. मग ती तक्त्याकडे वळली आणि लिहू लागली. पंधरा टप्पे. ठोके एकशे अडुसष्ट. कानाची जागा, खालची. एक आकडा तिने खोडून पुन्हा स्वच्छ लिहिला.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. ते वाक्य तिने वडिलांना उद्देशून म्हटले, आणि त्यात सांत्वनाचा भाग किती आणि नियमाचा किती, हे अप्पांना ओळखता आले नाही. "समितीला चौदाही लागतील."

"ते सगळे शेवटपर्यंत जातील," अप्पा धापा टाकीत म्हणाले.

"मला माहीत आहे."

तिने दार उघडले. बाकावरची माणसे उभीच होती. सर्वांत पुढे शिंपी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे लाल. त्याने काहीतरी हलके बोलण्यासाठी तोंड उघडले, जन्मभर उघडत आला होता तसे, आणि मिटले.

"कुठला कान देऊ, बाळ?" त्याने विचारले.

"उजवा, काका. चिमटा खालीच लागेल," मुलगी म्हणाली, आणि नवा तक्ता घ्यायला आत वळली.